बंद करायचं तेल

इंजिनाला सुरुवातीला डिझेल लागतं
आणि शेवटी डिझेल लागतं.
मधला सगळा प्रवास खोबरेलाचा,
आम्ही केसांना चोपडतो तेच.
हे मला जोएल तारीनं शिकवलं, मोजक्या शब्दांत,
त्याला दात कमी आणि घाई फार:
"थंड असताना खोबरेल पाजशील तर खोकेल.
पोटात खोबरेल ठेवून निजवशील
तर सकाळी उठणारच नाही.
गोठतं ते, नळीत."

आमच्या एपी बेटावर जुलैच्या रात्री
दोन चादरी लागतात.
बाटलीतलं तेल पांढरं पडतं,
रुसल्यासारखं काचेला धरून बसतं.

त्या जुलैत जहाज आलं नाही.
आधी वारा, मग जहाजाचा पंखा मोडला,
मग रेडिओवर नुसतं उद्या, उद्या.
डिझेल उरलं होतं कॅनच्या तळाशी
दोन कपभर:
एक उठवायला,
एक निजवायला.

मंगळवारी दिवस मावळताना मी पहिला कप ओतला.
दवाखान्याच्या फ्रीजमध्ये लशी होत्या.
हँडल मारलं. धूर काळा, मग निळसर,
तापल्यावर झडप वळवली
आणि खोलीभर काहीतरी तळल्याचा वास.
(कुत्री येतात त्या वासाला.
इतकी वर्षं झाली, अजून येतात,
दारात बसून राहतात.)

दुसरा कप माझ्या भाच्यानं सांडला.
नऊ वर्षांचा पोर, अंधार, कोपर.
वाळूनं पिऊन टाकला, ओठसुद्धा पुसले नाहीत.
रुबेन रडला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला,
मी इंजिनाकडे.
ते आपलं चालत होतं.

म्हणजे आता ते बंद करता येत नव्हतं.

तासाला एक लिटर. लिटरला दहा नारळ.
मी मनात गुणाकार केला आणि सोडून दिला,
कारण तोवर म्हातारी लेइसाऊ दारात उभी,
ढकलगाडीत वाळलेलं खोबरं घेऊन.
भाव पडल्यापासून तिनं कोयत्याला हात लावला नव्हता.
"विकत नाहीये," ती म्हणाली, "जाळायला देतेय.
फरक आहे."

इंजिन घाणा फिरवी, घाणा तेल गाळी,
तेल इंजिनात जाई,
आणि त्या गरगरीतून जे उरे
ते गावाला.
पण किती उरे!
बुधवारी भर दुपारी चौकातला दिवा जळत होता,
सूर्यासमोर, थोडा ओशाळून.
कालसाकाऊनं तीन वर्षं पडलेल्या फळ्या कापून घेतल्या.
पाद्रीबाबांनी लाऊडस्पीकर लावला,
गुरुवारी आम्ही तो काढायला लावला.
बर्फ झाला. बर्फाचं काय करायचं ते कुणाला सुचेना,
पोरांनी तो समुद्रात नेऊन सोडला, बघायला.

मी पायरीवर झोपे, तासातासानं.
झोपेत एक कान त्या ठोक्यांवर.
पाटीवर गावाचं नाव कोरलंय, राजकोट;
ते कुठे असेल, तिथल्या बायका
याला काय म्हणत असतील, हा एक विचार
तीन रात्री पुरला.

शुक्रवारी भोंगा वाजला.
पिंप उतरलं. झडप वळवली,
दहा मिनिटं डिझेलवर राहू दिलं,
खोबरेलाचा शेवटचा थेंब धुतला जाईस्तोवर,
आणि दांडी खाली ओढली.

ठोके लांबले. एक. मग
बराच वेळानं एक.

त्या रात्री गावात कुणालाच झोप येईना.
लोक अंगणात येऊन उभे राहिले,
काही हरवल्यासारखे, एकमेकांना न विचारता.

आता छपराच्या वाशाला एक डबा टांगलाय,
झाकण सुतळीनं तीन वेढे बांधलेला.
आत कपभर डिझेल.
रुबेन दर रविवारी येतो, टाचा उंचावून
डबा हलवून बघतो: आहे.
मी पाना पुसत असते तेव्हा.
पुसून झालेला.